आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेत, इमिग्रेशनच्या लाईनीत नक्की काय होतं?

वडगावची लेक

नमस्कार सगळ्यांना. माझी धाकटी बहीण न्यू जर्सीला असते, तिचे दिवस भरत आलेत म्हणून आई-बाबा पुढच्या महिन्यात जायलेत, पहिल्यांदाच विमानात आणि ते पण दोघंच, कारण मला रजा मिळेना. तिकीट मुंबई-अबुधाबी-न्यूयॉर्क, व्हिसा झालाय, सगळं झालंय. पण बाबांची झोप उडालीय. चाळीस वर्षं वडगावात यंत्रमाग चालवला माणसानं, मराठी-कन्नड दोन्ही फडाफडा बोलतात, हिंदी मोडकंतोडकं आणि इंग्लिश नाहीच. गल्लीतले एक काका येऊन सांगून गेले की काचेमागचा साहेब एक उत्तर चुकलं तरी माघारी पाठवतो, तेव्हापासून बाबा जेवताना पण मधेच थांबून मला विचारतात, "हे विचारलं तर काय सांगू?"

माझे प्रश्न असे की बाबा सातवी शिकलेत त्यामुळे पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीला परवानगी लागते तो शिक्का) आहे, त्यानं मुंबईत अडवतील का? आईच्या पासपोर्टवर जन्मगाव बेलगाम लिहिलंय आणि बाबांच्यावर बेळगावी, यावरून काय विचारतील का? आणि एजंट म्हणतो अमेरिकेचं इमिग्रेशन अबुधाबीतच होणार, हे खरं का? अबुधाबीत मध्ये सव्वातीन तास आहेत. कुणाचे आई-वडील असे एकटे गेले असतील तर प्लीज सविस्तर लिहा.

खानापूरची सून

ताई, आमचे सासू-सासरे गेल्या वर्षी याच मार्गानं गेले, दोघंच. एजंट बरोबर सांगतोय. अबुधाबीला अमेरिकेचे स्वतःचे ऑफिसर बसतात, २०१४ पासून ती सोय आहे, त्याला प्रीक्लिअरन्स म्हणतात. म्हणजे पासपोर्ट, बोटांचे ठसे, फोटो, कस्टम सगळं तिथंच उरकतं आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर आपण मुंबईहून बेळगावला आल्यासारखं सरळ बॅगा घ्यायला जायचं. म्हातारी माणसं एवढा मोठा प्रवास करून थकून उतरतात तेव्हा पुढं लाईन नसते, याचं मोल मला सासूबाईंचा चेहरा व्हिडिओ कॉलवर बघून कळलं.

पण सव्वातीन तास म्हणजे फिरायला वेळ आहे असं त्यांना वाटू देऊ नका. उतरलं की आधी सिक्युरिटी, मग परत अमेरिकेच्या गेटांसाठी वेगळी तपासणी, मग इमिग्रेशनची लाईन. आमच्यांना सगळं मिळून पावणेदोन तास लागले. दुकानं बघत बसायचं नाही, उतरल्या उतरल्या न्यूयॉर्कच्या गेटाकडं चालू लागायचं एवढं घोकून घ्या.

विचारलं काय तर कुणाकडं चाललात, किती दिवस, खायचं काय आणलंय. सासऱ्यांना पहिला प्रश्न कळला नाही, ते हात जोडून उभे राहिले. मी घरून एका कागदावर इंग्लिशमध्ये लिहून दिलेलं, मुलाचं नाव, पत्ता, फोन, परतीची तारीख, आणि खाली एक ओळ की यांना मराठी आणि कन्नड येतं. सासऱ्यांनी तो कागद पुढं सरकवला, ऑफिसरनं वाचला, हसला आणि हिंदी येणाऱ्या एका मुलीला बोलावलं. एवढंच झालं.

ठशांचं मात्र लक्षात ठेवा, तुमचे बाबा मागावरचे आहेत म्हणून मुद्दाम सांगायलोय. आमचे सासरे शेतातले, बोटं घासून गुळगुळीत झालेली, मशीनवर ठसा उठेना. चार बोटं ठेवा, परत ठेवा, दाबा, पाच-सहा वेळा. सासरे घाबरले की आता काय. त्या ऑफिसरनंच खुणेनं दाखवलं की बोटं कपाळावर घासा, तेलकट झाली की उठतो, आणि उठला. जायच्या आधी आठवडाभर रात्री हाताला खोबरेल नाहीतर क्रीम चोळायला सांगा बाबांना. आणि ठसा नाही उठला म्हणजे गुन्हा केला असं नव्हे हे पण सांगा, आधीच सांगा.

मस्कतचा निपाणीकर

ईसीआरची काळजी सोडा. मी स्वतः ईसीआर पासपोर्टवर ओमानला आलो, १४ वर्षं झाली, त्यामुळे हा विषय मला पाठ आहे. ईसीआर म्हणजे ठराविक देशांत नोकरीला जाताना सरकारची परवानगी लागते, त्यात सौदी, कतार, कुवेत, ओमान, यूएई असे देश येतात. अमेरिका त्यात नाहीच आणि तुमचे आई-बाबा नोकरीला पण चाललेले नाहीत. अबुधाबी त्या यादीत आहे पण तिथं ते नुसते विमान बदलणार. दुसरं म्हणजे वय ५० च्या वर असेल तर दहावी नसली तरी ईसीआर काढून मिळतो, बाबांचा पासपोर्ट पुढं कधी रिन्यू कराल तेव्हा तेवढं करून घ्या. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं आणि आमच्याकडची म्हातारी माणसं उगीच तो शिक्का बाळगत फिरतात.

बेलगाम-बेळगावीचं पण काही नाही. सरकारनंच १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललं. माझ्यावर बेलगाम आहे, माझ्या पोरावर बेळगावी, आम्ही दोघं एकाच काउंटरवर कितीदा उभे राहिलो, आजवर कुणी विचारलं नाही. स्वतःचं नाव आणि जन्मतारीख व्हिसावर, तिकिटावर, पासपोर्टवर अक्षर न अक्षर जुळतंय का तेवढं मात्र आजच बसून बघा. आमच्याकडं वडिलांचं नाव कुठं असतं कुठं नसतं, घोळ तिथं होतो.

टिळकवाडी२२

मी बेंगळुरूहून नेहमी जातो-येतो म्हणून दोन गोष्टी. मुंबईत आधी चेक-इन, मग इमिग्रेशन, मग सिक्युरिटी, हा क्रम आई-बाबांना सांगून ठेवा, नाहीतर डोमेस्टिकचा अनुभव ऐकलेली माणसं गोंधळतात. आणि भारतीय पासपोर्टवाल्यांना बाहेर जाताना इमिग्रेशनचा तो डिपार्चर कार्डाचा फॉर्म भरावा लागत नाही, २०१७ पासून बंद झालाय. पासपोर्टचं प्लास्टिकचं कव्हर काउंटरवर काढून द्यायचं. डीजीयात्राच्या (चेहरा दाखवून विमानतळात आत जायचं ॲप) भरवशावर राहू नका, ते देशातल्या विमानांसाठी, इमिग्रेशनशी त्याचा संबंध नाही. इमिग्रेशनसाठी वेगळा फास्ट ट्रॅक आहे, २०२४ ला दिल्लीत सुरू झाला, जानेवारी २०२५ पासून मुंबई-बेंगळुरूला पण आहे, पैसे लागत नाहीत, पण आधी ऑनलाईन अर्ज, मग ठसे. वर्षातून तीन-चारदा जाणाऱ्याला उपयोग, तुमच्या बाबांना नको, त्यांना काचेमागचा माणूसच बरा.

दुसरं खाण्याचं. लोणचं, चटण्या, मसाला न्या आणि विचारलं की सांगा. पण आई बेळगाव बासमतीची पिशवी भरणार हे मी बघितल्यासारखं सांगतो, आमच्या आईनं पण भरलेली. अमेरिकेत आपल्याकडून तांदूळ न्यायला बंदी आहे, धान्यातल्या किडीमुळं. हरभरे पण नको. कुंदा दुधाचा, त्याचं ऑफिसर ठरवतो, नेला तर लपवायचा नाही. लपवलेलं सापडलं तर दंड.

अनगोळची आक्का

व्हीलचेअर सांगून टाका की, लाईनच लागत नाही, घेऊन जातात आणि घेऊन येतात. माझ्या आईसाठी मी दरवेळी घेते.

खानापूरची सून

आक्का, तुमच्या आईला गरज असेल, पण ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी नुसती लाईन चुकवायला घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. आमच्या सासूबाईंचा गुडघा खरंच गेलेला, तरी मुंबईत खुर्चीसाठी पाऊण तास बसून राहिल्या, पुढं चालती-बोलती माणसं खुर्चीत बसून चाललेली. ताईंच्या आई-बाबांना फक्त सोबत हवी असेल तर एअरलाईनला फोन करून विचारा, म्हाताऱ्या आणि भाषा न येणाऱ्या लोकांना सोबत माणूस देतात बऱ्याच ठिकाणी.

वडगावची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना बसवून एकेक उत्तर वाचून दाखवलं. निपाणीकर दादा, नावं तपासली, आईच्या तिकिटावर एक अक्षर जास्त होतं, एजंटला सकाळीच सांगितलं, करून देतो म्हणाला. तांदूळ आईनं भरलाच होता, तीन किलो, काढला. एअरलाईनला उद्या फोन करते, व्हीलचेअर नको.

कागद मी आज लिहिला. बाबांनी तो चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवलाय, जायला अजून तीन आठवडे आहेत तरी. आत्ता खोबरेलाची वाटी घेऊन बसलेत, एकेक बोट चोळायलेत.