लिव्हर सोसायटीची मेंबरशिप: गाइडलाइन फुकट मिळते तर वर्गणी कशाला?

ओपीडीनंतर: काल कुणीतरी लिहिलं की लिव्हर सोसायटीची (लिव्हरच्या डॉक्टरांची संघटना) मेंबरशिप म्हणजे भिंतीवर लावायचं सर्टिफिकेट, उपचारांची गाइडलाइन फुकट वाचायला मिळते, वर्गणी पाण्यात. रात्रभर डोक्यातून गेलं नाही म्हणून लिहितोय. गाइडलाइन फुकट आहे, मान्य. पण ट्रेनी असताना मी सिऱ्होसिसच्या (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) एका पेशंटच्या पोटातलं साडेआठ लिटर पाणी काढलं, बाटल्या कॉटखाली ओळीने, त्याला इतका मोकळा श्वास आला की त्याने माझा हातच धरला. अल्ब्युमिन, म्हणजे शिरेतून द्यायचं रक्तातलं प्रोटीन, दिलं नाही. तिसऱ्या दिवशी लघवी कमी, क्रिएटिनिन वर, म्हणजे किडनी बिघडली. पाच लिटरच्या वर काढलं की लिटरमागे आठेक ग्रॅम द्यायचं हे मी वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण पाणी काढल्यावर रक्तवाहिन्या कशा सैल पडतात, किडनीला रक्त कसं कमी पडतं, हे सोसायटीच्या केस मीटिंगमध्ये एका सीनियरने स्वतःची चूक उभी राहून सांगितली तेव्हा डोक्यात बसलं.

जुना फिजिशियन: वाचलेलं होतं तरी दिलं नाही, यात सोसायटी कुठून आली? वॉर्डात कागद चिकटवला असता तरी भागलं असतं. मी पंचवीस वर्षं कुठल्याच सोसायटीत नाही. फिब-फोर, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय याचा अंदाज देणारा स्कोअर, त्याला वय, लिव्हरची दोन एन्झाइम आणि प्लेटलेट लागतात, १.३ च्या खाली तर घरी, २.६७ च्या वर तर लिव्हरवाल्याकडे, मधले असतील तर लिव्हरचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन, याला मेंबरशिप लागत नाही. आणि सोसायट्या करतात काय, नावं बदलतात. फॅटी लिव्हरचं २०२० मध्ये एका गटाने एमएएफएलडी केलं, २०२३ मध्ये अमेरिकन, युरोपियन, लॅटिन अमेरिकन सोसायट्यांनी मिळून एमएएसएलडी. एकाच फाइलमध्ये तीन नावं, पेशंटला वाटतं तीन आजार झाले.

वॉर्ड सिस्टर: नावावर बोलताय तर ऐका सर. एक काकू होत्या, आयुष्यात दारूचा थेंब नाही. रिपोर्टवर फॅटी लिव्हरचं जुनं नाव, नॉन-अल्कोहोलिक. मुलाने 'अल्कोहोलिक' एवढंच वाचलं, त्या शब्दावर बोट ठेवून सगळ्या वॉर्डासमोर विचारलं, आई, हे काय? काकू भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या, दोन वेळा जेवल्या नाहीत. मी समजावलं, पण बोलून गेलेलं परत येतं का?

जुना फिजिशियन: वाईट झालं. पण तो रिपोर्ट आधी समजावून न सांगणाऱ्याचा दोष. स्टिअ‍ॅटॉटिक (नव्या नावातला शब्द, चरबी साठलेलं) म्हणून तरी काकूंना काय कळलं असतं?

रात्रपाळी: कळलं नसतं, पण लाजही वाटली नसती!! माझ्या मावशीला पीबीसी (लिव्हरमधल्या पित्तनलिकांचा आजार) आहे, तेव्हा नावातच सिऱ्होसिस होतं, घरात सगळ्यांनी धरून चाललं की आता वर्ष-दोन वर्षं. लिव्हर तेव्हा बऱ्यापैकी होतं तिचं, अजून हिंडते फिरते. २०१५ मध्ये सिऱ्होसिस काढून कोलँजायटिस (पित्तनलिकांची सूज) केलं ते पेशंटांनी लावून धरलं म्हणून, आणि ऐकून घेतलं ते सोसायट्यांनीच. तुम्ही पंचवीस वर्षं बाहेर बसून कुणाचं ऐकलंत?

जुना फिजिशियन: माझ्या पेशंटांचं, रोज. असलं बोलणार असाल तर मी थांबतो.

ओपीडीनंतर: थांबू नका सर, पण एक सांगतो. ६५ च्या पुढे फिब-फोरला १.३ धरत नाहीत, २ धरतात. वयच सूत्रात असल्याने आकडा आपोआप फुगतो.

जुना फिजिशियन: आत्ता बघितलं. बरोबर आहे. माझे निम्मे पेशंट त्याच वयाचे, म्हणजे कितीतरी म्हाताऱ्यांना मी उगाच स्कॅनला पिटाळलं. हे मान्य करतो. वर्गणीचं अजून पटलेलं नाही, हे तुम्ही मला मेंबर नसतानाच सांगितलंत.

वॉर्ड सिस्टर: वर्गणीचं डॉक्टरांनी बघावं. बऱ्याच सोसायट्या नर्सना, डायटिशियनना कमी वर्गणीत घेतात, हे आम्हाला मात्र कुणी सांगत नाही. ओपीडीनंतर डॉक्टर, त्या दिवशी बाटल्या मोजल्या कुणी? सिस्टरनेच ना? तिला पाच लिटरचा आकडा कुणी शिकवला असता तर सहाव्या लिटरला तिने तुम्हाला हटकलं असतं.

ओपीडीनंतर: हटकलं होतं, सिस्टर. मी ऐकलं नाही.