ब्लाइंड्सची सावली भिंतीवर उमटतच नाही

रामबागवाला
इंदूरच्या एका जुन्या वाड्यात फिल्म नुआर (गडद सावल्यांचे जुने कृष्णधवल गुन्हेपट) ढंगाची डिटेक्टिव्ह शॉर्टफिल्म करतोय. ब्लाइंडच्या, म्हणजे खिडकीच्या पट्टीदार पडद्याच्या, पट्ट्या 25 मिमीच्या, भिंतीपासून मीटरभर. त्यांच्या मागे 2 मीटरवर फूटभराचं एलईडी पॅनल. भिंतीवर नुसता करडा उजेड येतो. शिवाय मोबाइलच्या चित्रात आडवे पट्टे सरकतात, ते वेगळंच.

साडेतीनचा_शो
भिया, दिवा फार मोठा आहे. सावलीची कड किती पसरेल, हे काढता येतं: दिव्याचा आकार गुणिले पट्टी ते भिंत अंतर, भागिले दिवा ते पट्टी अंतर. तुमचं 30 × 1 ÷ 2, म्हणजे 15 सेंमी! अडीच सेंमीची पट्टी त्यात कुठे दिसणार?

सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) आणि रिफ्लेक्टर काढलेला सीओबी लाइट, म्हणजे एकाच चिपचा एलईडी दिवा, भाड्याने आणा. उघडी चिप 2 सेंमी धरली, ती पट्ट्यांपासून 3 मीटरवर आणि पट्ट्या भिंतीपासून 60 सेंमीवर ठेवल्या, तर कड 4 मिमीची होते. महाराणी रोडवरचा स्वस्त फ्लडलाइट घेऊ नका. त्यात बऱ्याच चिप असतात आणि प्रत्येकीची सावली वेगळी पडते. तयार ब्लाइंडही सोडाच. पुठ्ठ्याच्या 5 सेंमी पट्ट्या, मध्ये तेवढीच फट, लाकडी चौकटीला ठोका आणि काळ्या रंगवा. पांढऱ्या पट्ट्या उजेड इकडेतिकडे उडवतात.

काळापांढरा
सरकणारे पट्टे विजेमुळे. आपल्याकडे पुरवठा 50 हर्ट्‌झचा, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 सेकंद शटर ठेवा, एक्स्पोजर लॉक करा. ऑटोवर मोबाइल काळोख उजळवत बसतो, आणि मग नुआर कसलं! वाड्याची भिंत चुन्याची पांढरी असेल तर समोरच्या बाजूला काळं कापड टांगा, नाहीतर उजेड उलटून सावलीतच शिरतो.

रामबागवाला
कापड आहे. भाड्याचं बजेट मात्र नाही.

साडेतीनचा_शो
मग वाड्याच्या चौकातलं ऊन आरशाने आत घ्या. ‘कागज के फूल’मधला (1959) तो प्रसिद्ध झोत छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून परावर्तित केलेल्या उन्हाचाच आहे. सूर्य आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून पट्ट्या मीटरभर दूर असल्या तरी कड 9 मिमीच्या आसपास राहते. आरसा मोठा आणि सपाट हवा. झोत मात्र सरकतो, 4 मीटरवर मिनिटाला पावणेदोन सेंमीपर्यंत, तेव्हा आरसा धरायला एक माणूस ठेवा आणि शॉट छोटे घ्या.

काळापांढरा
हवेतही झोत दिसायला हवा असेल तर लोभान जाळा, पंखा बंद करा आणि धूर समान पसरू द्या. दिवा कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूला हवा. कॅमेऱ्याच्या पाठीमागून उजेड टाकलात तर धूर फिका दिसतो. ‘डबल इन्डेम्निटी’ (1944) या नुआर चित्रपटात धुळीसाठी ॲल्युमिनियमचे कण उडवले होते. तुम्ही त्या भानगडीत पडू नका, ते नाकातोंडात जातात.