शब्दचर्चा : ‘गुण कमी झाले’ हे चांगलं की वाईट?

सुरंगी (कुडाळ) : शेजारच्या काकींना उदासीनतेवर औषध चालू आहे. पहिल्या कागदावर ‘गुण १८’, पुढच्या खेपेला ‘गुण ११’. घरचे हिरमुसले, गुण घसरले म्हणून! ‘स्कोअर’ला गुणच म्हणायचं का? आणि चाचणी, मापनी, शोधिका हे सगळं एकच का?

कातळ : मी याच क्षेत्रात काम करतो. आकड्यांवरून ती पीएचक्यू-९ ही उदासीनता मोजणारी प्रश्नावली असावी. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, कमाल २७, आणि विचारतात फक्त गेल्या दोन आठवड्यांबद्दल. १५ ते १९ म्हणजे बऱ्यापैकी तीव्र, १० ते १४ मध्यम. काकी सुधारतायत. गंमत म्हणजे स्किझोफ्रेनियासाठीच्या (भास-भ्रम होणाऱ्या आजारासाठीच्या) पॅन्स नावाच्या १९८७ च्या मापनीत ३० बाबी आणि प्रत्येकीला १ ते ७, त्यामुळे एकही लक्षण नसलं तरी ३० पडतातच.

लक्षणांची तीव्रता मोजते ती मापनी. उदासीनतेच्याच दोन घ्या : हॅमिल्टनची (१९६०) तपासणारा भरतो, बेकची (१९६१, २१ बाबी) रुग्ण स्वतः. स्वभावाची लांबलचक प्रश्नावली म्हणजे शोधिका. एमएमपीआय नावाच्या अशा शोधिकेच्या १९८९ च्या आवृत्तीत ५६७ विधानं आहेत, प्रत्येकापुढे बरोबर की चूक एवढंच सांगायचं. सगळे तिला चाचणीच म्हणतात, पण चाचणी म्हटलं की माणूस पास व्हायला बसतो आणि शोभेलशी उत्तरं देतो.

भरतीओहोटी : ‘गुण’ नकोच. आमच्याकडे ‘औषधान गुण इलो’ म्हणजे बरं वाटलं. मग गुण ११ वर आला म्हणजे औषध उतरलं, असंच कोणीही समजणार. सरळ ‘त्रासाचा आकडा’ म्हणा.

सुरंगी : हे आवडलं. काकींच्या सुनेला हेच सांगते.

पाणंद : ‘लक्षण’ही तितकंच घोटाळ्याचं. डॉक्टरच्या तोंडी ते आजाराचं, पण घरात ‘ह्याची लक्षणं धड नाहीत’ म्हटलं की ती स्वभावावरची टीका. सुलक्षणी, अवलक्षणी हे सगळं माणसाबद्दलच. ‘लक्षणं कधीपासून आहेत?’ असं विचारल्यावर एका आईने ‘लहानपणापासून हट्टीच’ असं सांगितलेलं मी ऐकलंय. शिवाय स्वभावाला औषध नाही हे ठरलेलं, म्हणजे पुढची गोळी कशाला?

कातळ : पाणंद, नेमका इथेच मोजणाराही फसतो. आजार जोरात असताना स्वभावाची शोधिका भरून घेतली तर उदास माणूस स्वतःला कायमचा चिंताखोर, माणूसघाणा म्हणून नोंदवतो. बरा झाल्यावर भरली की तोच आकडा बराच खाली येतो. म्हणून शक्यतो उतार पडल्यावर भरावी, आणि आजाराआधीपासून ओळखणाऱ्या कुणालातरी विचारावं. स्पीलबर्गर या मानसशास्त्रज्ञाने चिंतेच्या प्रश्नावलीत हे दोन भागच केले : २० विधानं आत्ता कसं वाटतंय याची, २० सहसा कसं वाटतं याची.

पाणंद : मग मराठीत ‘आत्ता’ आणि ‘एरवी’! ‘अवस्था’ आणि ‘गुणविशेष’ हे त्यांचे पुस्तकी शब्द वर्गात ठेवा.

भरतीओहोटी : ‘एरवी’लाही जपून. जुलैत खलाशाला विचारा, कामात मन लागतं का? होडी किनाऱ्यावर, मासेमारी बंद, काम आहे कुठे? तो ‘नाही’ म्हणणार आणि तुमचा आकडा चढणार.

कातळ : मान्य. म्हणून मी त्यांना विचारतो, जाळी शिवायला बसलात तर जीव रमतो का? छापील प्रश्न बदलायचा नाही, तो विचारून झाल्यावर हा जोड.

सुरंगी : आणि ‘आवाज ऐकू येतात का’ याचं काय? आमच्या देवळात अवसर येतो, म्हणजे माणसाच्या अंगात देव येतो, देव बोलतो, अख्खा गाव ऐकतो.

कातळ : गावाने मानलेली गोष्ट एकट्या माणसाच्या खात्यावर भ्रम म्हणून मांडायची नाही. त्याच गावातल्या लोकांनाही ती विचित्र वाटते का, हे बघायचं. अवसर देवळात ठरल्या वेळी येऊन उतरतो. पण रात्रंदिवस एकट्यालाच शिव्या ऐकू येतात, झोप गेली, जेवण गेलं, तर त्याला गावकरीही अवसर म्हणत नाहीत. प्रश्न विचारताना मात्र ‘आवाज’ऐवजी ‘कोणी नसताना बोलणं कानावर येतं का’ असं म्हणावं. नुसतं आवाज म्हटलं की लोक समुद्राचा सांगतात.

पाणंद : ‘कानावर येतं’ नको, ते बातमीसारखं वाटतं. ‘ऐकू येतं’ ठेवा.

कातळ : बरोबर. ‘कोणी नसताना बोलणं ऐकू येतं का.’