शाळेतला आयबीटीचा दिवस: तुम्ही काय काय केलंत?

पाणकळा:
मतदानाला गावी गेले होते. केंद्र आमच्याच शाळेत. रांग मोठी होती म्हणून मागच्या बाजूला चक्कर मारली, तर टाकी दिसली. नववीत, 2009 साली, आम्ही चौदा जणांनी बांधलेली फेरोसिमेंटची टाकी. ओल्या गिलाव्यावर खिळ्याने कोरलेली तारीख अजून वाचता येते. तिच्यावर हात ठेवून उभी राहिले, तेवढ्यात रांगेतला नंबर गेला.

आयबीटी म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख. आठवी ते दहावी, आठवड्यातला अख्खा एक दिवस. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य, शेती-पशुपालन. पोरापोरींनी सगळ्यांनी सगळं करायचं. शिकवणारे निदेशक गावातलेच. आमचे सर एरवी गवंडीकाम करायचे.

टाकीला आधी वेल्डमेशचा, म्हणजे जोडलेल्या जाड तारांच्या जाळीचा, गोल पिंजरा. त्यावर कोंबडीजाळी, बांधणीच्या तारेने आवळून. मग सिमेंट-वाळूचा एकास तीनचा माल. एकाने आतून थापी टेकवून धरायची, दुसऱ्याने बाहेरून माल दाबायचा. मी बारीक, म्हणून आत मी. दुसऱ्या दिवशी सर बोटाच्या पेराने टकटक करत टाकीभोवती फिरले. एका जागी थांबले, म्हणाले, "इथं पोकळ वाजतंय. काढ आणि परत भर." नुसत्या आवाजावरून! मग पंधरा दिवस गोणपाट ओलं ठेवायच्या पाळ्या, रविवारीसुद्धा.

आता बँकेत आहे. पण कुठलंही नवं काम आलं की "मला नाही येणार" हे तोंडात पहिलं येत नाही. ते त्या पिंजऱ्यात उभं राहून आलंय.

आयबीटी, टेक्निकल, कार्यानुभव, जे केलं असेल ते लिहा.

गुण्या:
आमचं टेक्निकल हायस्कूल. लोखंडाचा चौकोनी तुकडा, व्हाइसमध्ये आवळा आणि कानस मारा. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून उजेडाकडे धरायचा, मधून उजेड दिसला की परत कानस. मेल-फिमेल जॉबला, म्हणजे एकात एक बसणाऱ्या दोन तुकड्यांना, मला तीन आठवडे लागले. ते एकमेकांत सरकन बसले तो क्षण दहावीच्या निकालापेक्षा जास्त लक्षात आहे. जॉब अजून देवघराच्या खणात आहे, बायको दर दिवाळीला पुसून परत ठेवते.

कोथिंबीर:
गुण्यादादा, आयडीचं रहस्य आज कळलं. मी इतके दिवस गुणी मुलगा असं वाचत होते 😄

गुण्या:
तेही चालेल ताई!

देवराई:
वेल्डिंग!! आमच्या गावात पोरीने होल्डर हातात धरलेला पहिल्यांदाच बघितला लोकांनी. आजी दारात येऊन बसली होती, पोरीचे डोळे जातील म्हणून. एक दिवस मी खरंच डोळ्यांपुढे काळी काच न धरता टॅक, म्हणजे छोटा जोड, मारला. रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू भरल्यासारखं, पाणी थांबेना. आजीने बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून रात्रभर बसून काढली. मला वाटलं आता बंद. सकाळी म्हणते, "आज काच धरूनच कर." पुढच्या महिन्यात आमच्या गोठ्याचं फाटक मीच जोडलं.

ओवी22:
देवराई, आजीला नमस्कार सांग.

देवराई:
गेली गं चार वर्षांपूर्वी. फाटक आहे.

ओवी22:
🙏

मी रक्ताचं लिहिते. गृह-आरोग्यात हिमोग्लोबिन मोजायला शिकवलं, साहलीच्या पद्धतीने. नळीत खुणेपर्यंत आम्ल, त्यात बोट टोचून पिपेटने घेतलेलं रक्त. दहा मिनिटं थांबायचं, मग थेंब थेंब डिस्टिल्ड वॉटर घालत ढवळायचं, शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत. जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. माझा पहिल्या काही थेंबांतच जुळला. 8.2. मला वाटलं लवकर जुळला म्हणजे चांगलं. बाई काही बोलल्या नाहीत, दुसऱ्यांदा केलं. परत तेच. मग त्यांनी सगळ्या मुलींचे आकडे फळ्यावर लिहिले, नावं न घालता, आणि खाली लिहिलं: 12 हवं. बाराच्या वर दोनच होते.

मी घरी रडत गेले. दुसऱ्या शनिवारी बाई पेटी घेऊन घरी आल्या आणि आईचं बघितलं. आईचं सातच्या आसपास. आई वर्षानुवर्षं म्हणायची, जिना चढला की धाप लागते, वय झालं. छत्तीस वर्षांची होती! आरोग्य केंद्रातून दोघींनी लोहाच्या गोळ्या आणल्या. बाईंनी बजावलं, गोळीवर चहा घ्यायचा नाही, लिंबूपाणी घे. तीन महिन्यांनी माझं 10.6 आलं, ते मी स्वतः मोजलं. आज मी लॅब टेक्निशियन आहे, तेव्हा ते कुठून सुरू झालं हे सांगायला नको.

कोथिंबीर:
ओवी, अंगावर काटा आला. आईचं वय झालं म्हणून सोडून द्यायची सवय आपल्या घराघरात आहे. उद्याच आईला घेऊन जाते तपासायला.

(भाजी लागली वाटतं, आलेच)

तिठा:
हे पाबळशी संबंधित आहे ना? कुणी सांगेल का?

मास्तरकी:
हो. पाबळ, तालुका शिरूर, जिल्हा पुणे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत पीएच.डी., मग हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागात नोकरी, आणि ते सगळं सोडून पर्जन्यछायेतल्या कोरड्या गावात बिऱ्हाड. हाताने काम करता करता मूल शिकतं आणि त्याच कामाचा गावालाही उपयोग होतो, यावर त्यांचा भर. हा अभ्यासक्रम तिथलाच, एसएससी बोर्डाने मान्य केलेला. कलबाग सर 2003 मध्ये गेले. त्याच्या आदल्याच वर्षी तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावर आखून वस्तू बनवायची कार्यशाळा, आली होती, एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी.

मी स्वतः दहा वर्षं निदेशक आहे. मला सगळ्यांत जास्त आवडतो तो प्रत्येक प्रात्यक्षिकानंतरचा खर्च काढायचा भाग. चिक्की केली तर शेंगदाणे, गूळ, गॅस, पिशवी आणि मजुरीसुद्धा धरायची. आठवीतली एक मुलगी मला म्हणाली, "सर, मग आईच्या भाकरीत मजुरी का नाही धरत?" मला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन बायकोशी बोललो त्यावर.

कोथिंबीर:
चिक्की!! माझी नेहमी दाताला चिकटते. काय चुकतंय?

मास्तरकी:
पाक कच्चा राहतोय. थेंब वाटीतल्या गार पाण्यात टाका, टणक गोळी होऊन वाटीवर टण्ण वाजली पाहिजे. आणि चिक्कीचा गूळ मागा, साध्या गुळाची मऊ पडते.

तिठा:
आमच्याकडे उलट अनुभव. शाळेत विषय होता, खोली होती, खोलीला कुलूप होतं. तो तास गणिताला जायचा. तपासणीच्या आदल्या दिवशी कुलूप निघालं, तेव्हा आटे पाडायचा डायसेट आणि पाइप पान्हा पहिल्यांदा बघितले, ग्रीस लावलेले, कोरे. वर्षभराची वही आम्ही फळ्यावरून उतरवून काढली. तुमचं वाचून आज खरंच वाईट वाटतंय. पाइपला आटे पाडायला मी चाळिसाव्या वर्षी प्लंबरकडून शिकलो.

गुण्या:
शिकलात ना पण. तेल सोडत सोडत, अर्धा फेरा पुढे, पाव मागे.

तिठा:
हो! ते पाव मागे कुणी सांगितलंच नव्हतं, दोन डाय मोडल्या.

रानमेवा:
बैलाचं वजन! छातीचा घेर गुणिले घेर गुणिले लांबी, सगळं इंचात, भागिले 300, येतं ते पौंडात. वडिलांचा विश्वास नव्हता. जंताच्या औषधाचा डोस वजनावर असतो, ते अंदाजाने द्यायचे. मी टेपने मोजून काढलं तर आमच्या सर्जाचं त्यांच्या अंदाजापेक्षा साठ किलो जास्त निघालं. म्हणजे इतकी वर्षं औषध कमीच पडत होतं. त्यानंतर गल्लीतले लोक टेप घेऊन मला बोलवायचे. बाकी बसमध्ये आहे, नंतर लिहितो.

ओवी22:
जिन्याचं वायरिंग कुणीच लिहिलं नाही? खालून लावा, वरून विझवा. दोन टू-वे बटणं आणि मधे दोन तारा. बोर्डवर दिवा लागला तेव्हा अख्खा वर्ग ओरडला होता.

मास्तरकी:
अजूनही ओरडतात. आता मुलं मातीतला ओलावा मोजणारा सेन्सरही लावतात, पण पहिला आरडाओरडा जिन्याच्या दिव्यालाच.

कोथिंबीर:
पाणकळा, टाकी किती लिटरची?

पाणकळा:
व्यास एक मीटर, उंची सव्वा मीटर. 981 लिटर येतं, तेव्हा वहीत काढलेलं पाठ आहे.

आणि ऐका, धागा वाचून सरांचा नंबर शोधला. सत्तरीत आहेत. नाव सांगितलं, ओळखलं, "टाकीतली बारकी ना?" म्हणाले. मी भरभरून बोलत होते, त्यांनी मधेच विचारलं, "तोटीच्या जॉइंटला ओल होती का?" मी बघितलंच नव्हतं. म्हणाले, तिथेच पहिल्यांदा फुटतं. रविवारी दोघं जाणार आहोत बघायला.

कोथिंबीर:
जा नक्की, फोटो टाका. आणि मास्तरकीदादा, गोळी टण्ण वाजली 🙏 आईला लॅबमध्येही नेऊन आणलं, रिपोर्ट उद्या.