कोल्हापुरी चप्पल थेट परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायची आहे: साईज, बुरशी, कागदपत्रं?

शेवटची_गल्ली (प्रश्न)
आम्ही कॉलेजची पाचजणं. कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या सहा कारागिरांचे जोड जर्मनी, फ्रान्स आणि अमेरिकेत एकेक करून विकायचा विचार आहे. व्यापारी मध्ये नको. फोटो आणि वेबसाईट आम्ही बघू. बाकी कुठं अडतं ते सांगा. महिन्याला २० ते ३० जोड धरलेत.

रापी_आरी
फोटो राहू द्या, आधी मापाचं बघा. इथं गिऱ्हाईक दुकानात बसतं, पाय घालून बघतं, आणि कारागीर तिथल्या तिथं अंगठा नि पट्टा सैल-घट्ट करून देतो. परदेशात ही पायरीच नाही. त्यात आपल्याकडं जोड मुद्दाम घट्ट शिवतात, कारण आठवड्याभरात कातडं सैलावतं. हे माहीत नसलेला माणूस पहिल्याच दिवशी "लहान आली" म्हणून परत करतो.

म्हणून ३८, ३९ असा नंबर विचारू नका. तीन मापं मिलिमीटरमध्ये घ्या: कागदावर उभं राहून टाच ते सर्वात लांब बोट, पंजाची रुंदी, आणि अंगठ्याचा घेर. दोन्ही पायांची. युरोपचा एक नंबर म्हणजे ६.६७ मिमी, इंग्लंडचा ८.४७, त्यामुळं तक्त्यावरून तक्त्यात उडी मारली की अर्धा नंबर चुकतोच. तळ पायापेक्षा ६ ते ८ मिमी लांब ठेवा. सहाही कारागिरांना पत्र्याचे एकाच मापाचे फर्मे (कापायचे साचे) द्या, नाहीतर एकाचा ३९ दुसऱ्याच्या ४० एवढा निघेल.

आता कातडं. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं कातडं आतपर्यंत तपकिरी असतं. पट्ट्यासाठी बाजारात मिळणारं मऊ रंगीत कातडं मात्र बरेचदा क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं. कड कापून बघा, आत निळसर-राखाडी दिसली तर क्रोम. युरोपात अंगाला लागणाऱ्या चामड्यात क्रोमियम-६ (क्रोमियमचा घातक प्रकार) ची मर्यादा किलोला ३ मिलिग्रॅम आहे. एकेका जोडाची तपासणी परवडायची नाही. कातड्याचा एकच लॉट सहाजणांत वाटा आणि त्या लॉटचा तुकडा चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडं पाठवा. रंगाचंही तिथंच विचारा, काही अझो रंगांवर (एक प्रकारचे रासायनिक रंग) बंदी आहे.

बुरशी: जून ते सप्टेंबर इथल्या हवेत तेल लावलेला जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की पोचेपर्यंत पांढरा झालाच म्हणून समजा. तेल लावल्यावर तीन-चार दिवस सावलीत, पंख्याखाली ठेवा. मग सुती पिशवी आणि सिलिका जेलच्या ५ ग्रॅमच्या दोन पुड्या. बुरशीनाशक भरलेल्या पुड्या घेऊ नका. त्यातलं डायमिथाइल फ्युमरेट युरोपात बंद आहे, पुडीपायी पार्सल अडकायचं.

तांबडा_पांढरा
कागदपत्रांचं सांगतो. आयात-निर्यात कोड पॅनवर मिळतो, फी ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तपशील ऑनलाईन कायम करावा लागतो, बदल नसला तरी. विसरलात तर कोड बंद. तुमच्यापैकी कुणाच्या पॅनवर काढू नका. तो पुण्याला नोकरीला गेला की सगळं बसलं. कारागिरांची भागीदारी किंवा नोंदणीकृत संस्था करून तिच्या नावानं काढा. जीएसटी नोंदणी असेल तर एलयूटी (निर्यातीचं हमीपत्र) भरा, म्हणजे निर्यातीवर कर आधी भरावा लागत नाही.

कस्टमसाठी मालाचा कोड ६४०३२०. चामड्याचा तळ, पंजावरून पट्टा आणि अंगठ्याभोवती वादी असल्या चप्पलेसाठीच तो आहे, वेगळा शोधू नका. पोस्टानं पाठवायचं तर हेड पोस्टात डाकघर निर्यात केंद्राची चौकशी करा, टपाली निर्यात बिल तिथं ऑनलाईन होतं. २ किलोपर्यंतची ट्रॅकिंगवाली सेवा एका जोडाला पुरते. खाजगी कुरिअर आकारमानाचं वजन लावतं: लांबी × रुंदी × उंची सेंमीमध्ये, भागिले ५०००. ३२ × २२ × १० चा बूटवाला खोका १.४ किलो धरला जातो. तळाला तळ लावून ३० × १२ × ८ मध्ये बसवला तर ०.५८, मग जोडाचं खरं वजन धरतील.

अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतची जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ ला संपली. आता जकात कोण भरणार ते किंमत टाकतानाच ठरवा, नाहीतर दारात आलेलं पार्सल गिऱ्हाईक घेत नाही. युरोपात तर व्हॅट पहिल्या युरोपासून लागतो. शिवाय १३ डिसेंबर २०२४ पासून तिथला एक जबाबदार प्रतिनिधी, नाव-पत्त्यासकट, मालावर किंवा पॅकिंगवर लागतो. पट्टा, अस्तर, तळ कशाचा हे दाखवणारं चिन्हांचं लेबलही हवं.

चप्पल_लाईन
वरचं सगळं बरोबर, पण ३० जोड आणि तीन देश? जर्मनी एकच धरा. आणि "गरीब कारागिराला मदत करा" असलं काही लिहू नका. दयेपोटी घेणारा दुसऱ्यांदा येत नाही, आणि कारागिरालाही ते लागतं. चपलेचे कान (बाजूच्या पट्ट्या), वेणी, गोंडा, वादीची शिवण हे जवळून दाखवा, त्यावर जोड विकतो.

"कोल्हापुरी" या नावाला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. सहाहीजणांची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्या. पण ते संरक्षण भारतातलं. तिकडं कुणी नाव वापरलं तर या नोंदणीच्या जोरावर अडवता येत नाही.

शेवटची_गल्ली
जर्मनीच धरतो. जोड परत आला तर?

रापी_आरी
परत मागवूच नका. येण्याचं भाडं, वर कस्टमला "हा आपलाच गेलेला माल" हे सिद्ध करण्याची खटपट, यात जोडाची किंमत निघून जाते. माप आम्ही चुकवलं तर दुसरा जोड फुकट, पहिला कुणाला तरी द्या, असं सांगा. तिकडं ऑनलाईन खरेदीला १४ दिवस परतीचा हक्क आहे, तो नाकारता येत नाही. फक्त मापावर बनवलेल्या मालाला सूट मिळते. तीन मापं घेण्याचा हा आणखी एक फायदा. तशी अट ऑर्डरआधी जर्मनमध्ये लिहून ठेवा.

आणि हा खर्च कारागिराच्या मजुरीतून कापायचा नाही. दर दहा जोडांमागं एक वाया जाणार असं धरून किंमत लावा. समजा जोडाला १२०० मजुरी-मालासह दिलेत, तर १२० रुपये वेगळ्या डब्यात. निम्मे पैसे ऑर्डरबरोबर, निम्मे जोड हातात आल्यावर. परदेशातले पैसे खात्यावर यायला वेळ लागतो, तोवर कारागीर थांबला की तो उधारीवर कातडं देणाऱ्या व्यापाऱ्याकडंच परत जाणार.