प्रतिसाद: बॉयलरचे तापमान आणि गॅसचे बिल

थंडीत घर गरम ठेवणारा गॅस बॉयलर दिवसभर मंद चालू ठेवला तर गॅस कमी जळतो, असे म्हटले जाते. इंग्लंडमधल्या आमच्या जुन्या विटांच्या घराचा अनुभव मात्र उलटा आहे, कारण घर जितका वेळ गरम राहते, तितका वेळ भिंती-खिडक्यांतून उष्णता बाहेर जातच राहते. खरी बचत होते ती बॉयलरमधून रेडिएटरकडे (खोल्या तापवणाऱ्या भिंतीवरच्या पट्ट्यांकडे) जाणाऱ्या पाण्याचे तापमान उतरवल्याने. 2005 पासून इथे बसवले गेलेले बहुतेक गॅस बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचे आहेत; रेडिएटरमधून निवून बॉयलरकडे परतणारे पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असेल तरच धुरातल्या वाफेचे पाणी होऊन तिची उष्णता आपल्या पदरात पडते, आणि बसवणारे मात्र जाणाऱ्या पाण्याचा काटा बहुधा 70-75 वर ठेवून निघून जातात. आम्ही तो 60 वर आणला. खोली तापायला वेळ अधिक लागतो, म्हणून टायमर अर्धा तास आधी लावतो. हे कॉम्बी (टाकीशिवाय, लागेल तसे नळाचे पाणीही तापवणाऱ्या) बॉयलरपुरतेच निर्धास्तपणे करावे. गरम पाण्याची साठवण टाकी असेल तर फुप्फुसांचा आजार करणाऱ्या लेजिओनेला जिवाणूंच्या भीतीने तिच्यातले पाणी 60 अंशांखाली ठेवू नये.

कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुरगुरून बंद पडला, तर मेकॅनिकला बोलावण्याआधी धुरातल्या वाफेचे झालेले पाणी बाहेर सोडणारी, भिंतीबाहेरची प्लास्टिकची निचऱ्याची नळी पाहावी. गेल्या जानेवारीत आमची गोठली होती. तिच्यावर दोन तांबे कोमट पाणी ओतले (उकळते नव्हे, नळी तडकते), बॉयलर रिसेट केला आणि रविवारच्या भेटीचे पैसे वाचले.