‘महावतार नरसिम्हा’ : ॲनिमेशन आहे म्हणून बालवाडीतल्या मुलांना न्यायचं का?

रानजाई

‘महावतार नरसिम्हा’ २५ जुलै २०२५ ला लागला आणि शनिवार-रविवारची तिकिटं पटापट संपू लागली. आमच्या सोसायटीत सगळ्या मुलांना एकत्र न्यायचा बेत चाललाय, अगदी बालवाडीतल्यांनासुद्धा. नको म्हणणारी मी एकटीच आहे, म्हणून इथे मांडते.

सिनेमा उत्तम आहे, मी बघून आले. पण सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलांसाठी तो नाही. ‘कार्टूनच तर आहे’ एवढ्यावर लोक तिकिटं काढतात, ते मला पटत नाही. प्रल्हादाला विष देतात, हत्तीच्या पायी देतात, कड्यावरून लोटतात, होलिका त्याला घेऊन आगीत बसते. घरी सांगताना हे आपण चार वाक्यांत उरकतो आणि लगेच ‘पण त्याला काही म्हणता काही झालं नाही’ म्हणतो. पडद्यावर ते ‘काही झालं नाही’ यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात लहान जीव कासावीस होतो. शेवटचं युद्ध तर विचारूच नका. खांब फुटल्यापासून हिरण्यकश्यपूला उंबऱ्यावर मांडीवर घेईपर्यंत मोठ्यांच्या अंगावर काटा येतो.

माझ्या पुढच्या रांगेत एक चिमुरडी बाबांच्या शर्टात तोंड खुपसून बसली होती. ते ‘बघ, बघ, देवबाप्पा आला’ म्हणत तिची हनुवटी वर करत होते. नको असल्याचं ती डोळे मिटून सांगत होती. निदान तेवढं तरी ऐकायला हवं होतं.

ज्यांना हे पटत नाही त्यांनीही जरूर लिहा.

तिठ्यावरचो

ताई, मला अजिबात पटलं नाही. मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडे जत्रेच्या रात्री देवळापुढे दहीकालो, म्हणजे दशावतारी नाटक, उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. पुढे कोण बसलेलं असतं? गोधडी गुंडाळलेली पोरं. मुख्य नाटकाआधीच्या भागात, आड दशावतारात, काळ्या वेशातला संकासुर राक्षस आला की आमची पाचावर धारण बसायची. रडायचो, आजीच्या पदरात शिरायचो आणि पुढच्या वर्षी परत पुढेच बसायला भांडायचो.

नरसिंह ही काही परदेशातून आलेली गोष्ट नाही. नीरा-भीमेच्या संगमावरचं नरसिंहपूर घ्या, सांगलीकडचं कोळे नरसिंहपूर घ्या, कितीतरी घरांचं ते कुलदैवत आहे. दैत्य भयंकर नसेल तर देव यावा असं पोराला वाटेलच कशाला? सगळं गोड करून दाखवलं की प्रल्हादाच्या धीराला काही अर्थच राहत नाही.

मनीमाऊ

मी माझ्या पाच वर्षांच्या लेकीला घेऊन गेले होते आणि परत नेईन. जायच्या आधी रोज रात्री झोपताना तिला ही गोष्ट सांगितली होती. आतही नाही बाहेरही नाही, दिवसाही नाही रात्रीही नाही, माणूसही नाही जनावरही नाही, शस्त्रानेही नाही, या वराचं कोडं तिला तोंडपाठ होतं. त्यामुळे थिएटरमध्ये ती घाबरायची सोडून माझ्या कानात ‘आई, आता संध्याकाळ झाली बघ, आता नखं येणार’ असं सांगत होती. काय होणार हे ठाऊक असलं की मूल तयारीने बसतं.

घरी आल्यावर तिने मारामारीबद्दल चकार शब्द काढला नाही. ‘प्रल्हादाला स्वतःच्या बाबांचा राग का नाही आला?’ हे मात्र विचारलं. यावर आम्ही जेवणभर बोललो. पाच वर्षांचं मूल इतका विचार करतं, मग त्याला घरी का ठेवायचं?

रानजाई

@तिठ्यावरचो, दशावताराचा दाखला दिलात म्हणून सांगते, मी बाहेरून आलेली असले तरी सासर वेंगुर्ल्याचं आहे. तिथे पोरं संध्याकाळीच रंगपटात डोकावतात. जो हिरण्यकश्यपू होणार तो पेटाऱ्याशी बसून स्वतःच्या हाताने तोंड रंगवतो, मध्येच चहा मागतो, पोरांना दम देऊन हाकलतो. नाटक सुरू झाल्यावर भीती वाटली तर मूल उठून खाज्याच्या दुकानापाशी जातं, जीव शांत झाला की परत येतं. आजूबाजूला सगळी ओळखीची माणसं, वर मोकळं आभाळ.

थिएटरमध्ये यातलं काय आहे? मिट्ट काळोख, भिंतीएवढा पडदा, चहूबाजूंनी आवाज, आणि उठायचं तर दहा जणांचे पाय ओलांडायचे. गोष्ट तीच असली तरी तिथे मुलाकडे सुटकेची वाट नाही.

@मनीमाऊ, तुमची तयारी मनापासून आवडली. पण थिएटरात मी जे पालक पाहिले त्यातल्या बहुतेकांनी एवढी मेहनत घेतलेली दिसली नाही.

नादखुळा

मी ध्वनिमुद्रणात काम करतो. आवाजाबद्दल थोडं सांगतो, कारण भीती निम्मी कानांतून शिरते.

चित्रपटगृहाची ध्वनियंत्रणा साधारणपणे ८५ डेसिबल ही संदर्भपातळी धरून लावतात. त्यावर एकेका चॅनेलचा आवाज क्षणभर १०५ डेसिबलपर्यंत चढू शकतो, आणि सबवूफरला आणखी १० डेसिबलची मोकळीक असते. प्रत्येक थिएटर एवढं वाजवतं असं नाही, बरेच जण कमी ठेवतात. पण डरकाळी आणि खांब फुटणं यांसारख्या जागा मुद्दाम छातीत धडकाव्यात अशाच रचलेल्या असतात. कापसाच्या बोळ्याने फारसा फरक पडत नाही. लहान मुलांच्या मापाचे इअरमफ मिळतात, ते न्या. पडद्याजवळच्या आणि स्पीकरला लागून असलेल्या खुर्च्या टाळा. मध्ये, जरा मागे, रस्त्याकडेची जागा घ्या.

थ्रीडीचा हट्ट धरू नका. चष्मा बहुधा मोठ्यांच्या मापाचा असतो, बारक्या नाकावर ठरत नाही. तो काढला की चित्र दुहेरी दिसतं आणि मूल वैतागतं. टूडी खेळ बघा.

कागदोपत्री

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. सेन्सॉर बोर्डाच्या ‘यूए’ (लहानांनी पालकांच्या सल्ल्याने बघावा) प्रमाणपत्राचे आता तीन भाग झालेत : ७+, १३+ आणि १६+. २०२३ च्या कायदादुरुस्तीने ते आले आणि २०२४ च्या नियमांत बसवले गेले. सिनेमाच्या सुरुवातीच्या प्रमाणपत्रावर हा आकडा असतो, तिकीट काढतानाही दाखवतात. ‘ए’ असेल तर १८ वर्षांखालच्यांना दारातच मनाई असते. यूएच्या आकड्यावरून मात्र कुणी अडवत नाही, ती पालकांना दिलेली सूचना आहे. निर्णय तुमच्यावर सोडलाय, त्यामुळे आकडा वाचायची जबाबदारीही तुमचीच.

ॲनिमेशन म्हणजे बालचित्रपट, हे समीकरण जगात कुठेच खरं नाही. एप्रिल १९८८ मध्ये जपानमध्ये घिबली या ॲनिमेशन स्टुडिओचे दोन सिनेमे जोडीने दाखवले गेले. ‘माय नेबर टोटोरो’ कुठल्याही वयाच्या मुलाने बघावा असा. त्याच्या जोडीचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ युद्धात उपासमारीने मरणाऱ्या भावाबहिणीचा. दोन्हीही हाताने काढलेली चित्रंच. तो मी चाळिशीत पाहिला आणि रात्रभर झोपलो नाही.

तिठ्यावरचो

ताई, सुटकेची वाट मुलाकडे नसेल, बापाकडे तर आहे ना? पोर कावरंबावरं झालं की उचलून बाहेर आणावं, पाणी पाजावं, हवं तर घरी जावं. तिकिटाचे पैसे गेले तर गेले. तीन वर्षांच्या वर पूर्ण तिकीट पडतं म्हणून पोराला जबरदस्तीने बसवून ठेवणारा बाप दोषी आहे, त्यात सिनेमाचा काय दोष?

आज हीच पोरं मोबाईलवर एकटी बसून काय काय बघतात ते तुम्हाला माहीत आहे. त्यापेक्षा आईबापांच्या मध्ये बसून, त्यांचा हात धरून नरसिंह बघितलेला शंभर पटीने बरा.

मनीमाऊ

+१. आणि सातच का? माझी पाचाची मजेत बसली, माझ्या जावेचा नऊ वर्षांचा मुलगा मध्यंतरात घरी चला म्हणाला. वयाची रेघ कशाला, मूल बघून ठरवावं.

रानजाई

आईवडील स्वतः सोबत असतील तर मूल बघूनच ठरवा, त्याला माझी हरकत नाही. माझं भांडण सोसायटीच्या बेताशी आहे. पंचवीसेक पोरं आणि सोबत चार मोठी माणसं. नेणारी काकू माझ्या मुलाला ओळखते, पण तो घाबरला की नखं खातो आणि तोंडाने काही बोलत नाही, हे तिला कुठून माहीत असणार? तिठ्यावरचो म्हणतात तसं एकाला उचलून बाहेर आणायचं, तर उरलेल्यांजवळ कोण बसणार? आणि तिसरं पोर रडायला लागलं तर? अशा वेळी रेघ लागतेच. पहिलीच्या खालच्या मुलांना या गटातून नेऊ नये, असं मी आजच्या बैठकीत सांगणार आहे.

तिठ्यावरचो

गटाने नेण्याबद्दल बोलत असाल तर पहिलीची अट ठीक आहे. पण ‘हा सिनेमा लहानांसाठी नाही’ हे तुमचं पहिलं वाक्य मला अजूनही मान्य नाही. मी माझ्या साडेचार वर्षांच्या नातवाला रविवारी सकाळच्या टूडी खेळाला घेऊन जातोय. नादखुळा म्हणतात तशी रस्त्याकडेची खुर्ची काढलीय, इअरमफ सून आणणार आहे. काय झालं ते इथेच येऊन लिहितो.